हेलपाटे वाचवणारा प्रोटोकॉल: क्यूएमटीपीचं प्रकरण

सर्व्हरच्या पंचवीस नंबरच्या पोर्टावर, म्हणजे मेल घेण्याच्या दारावर, टेलनेट (दुसऱ्या मशीनशी टाइप करून बोलायचा कार्यक्रम) लावून, हाताने टाइप करून एकदा तरी ईमेल पाठवून पाहावं. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात हे करायला लावतो. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांतल्या. इथे उच्चाराप्रमाणे देतो, आणि सर्व्हरची उत्तरं जरा मराठीत आणतो.

सर्व्हर: २२० बोला, हजर आहे
आपण: हेलो, मी अमुक मशीन
सर्व्हर: २५० बरं
आपण: मेल फ्रॉम, पाठवणाऱ्याचा पत्ता
सर्व्हर: २५० ठीक
आपण: आरसीपीटी टू, घेणाऱ्याचा पत्ता
सर्व्हर: २५० ठीक
आपण: डेटा
सर्व्हर: ३५४ द्या मजकूर, संपला की एकट्या ओळीवर टिंब
आपण: मजकूर, आणि शेवटी टिंब
सर्व्हर: २५० घेतलं
आपण: क्विट
सर्व्हर: २२१ या

सर्व्हरच्या प्रत्येक ओळीआधी आपण थांबलेलो असतो. सात वेळा. शिवाय बोलणं सुरू होण्याआधी टीसीपीची, म्हणजे दोन मशीनांमधली, जोडणी जुळवण्यात एक फेरी गेलेली असते. म्हणजे एका पत्रामागे आठ हेलपाटे. दोन्ही सर्व्हर एकाच गावात असतील तर ते जाणवतही नाहीत. पण पुण्यातून अमेरिकेत पत्र टाकायचं तर एका फेरीला पाव सेकंद धरा. आठ हेलपाट्यांचे झाले दोन सेकंद, मग पत्र चार ओळींचं असो की चार पानांचं. एका पत्राला दोन सेकंद कुणी मोजत बसत नाही. दहा हजार सभासदांची यादी एकामागून एक उरकायची म्हटली की मात्र वीस हजार सेकंद होतात, साडेपाच तास. आणि या साडेपाच तासांत तार जवळजवळ रिकामीच असते. सेतू केंद्राच्या खिडकीवर एकेक कागद मागून घेतात तसा प्रकार. काम पाच मिनिटांचं, दिवस मात्र गेला.

१९९७ साली एका माणसाला हे इतकं खटकलं की त्याने एसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हरांनी वरचं संभाषण करायची १९८२पासूनची रीत, बाजूला ठेवून नवा प्रोटोकॉलच लिहिला: क्यूएमटीपी. प्रोटोकॉल चांगला होता. चालला नाही. ढिगाने मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा उलगडून पाहावं असं मला वाटतं, कारण वेग कमी पडला की आपण आजही आधी हेलपाटेच मोजायला बसतो.

माणूस आणि त्याचं दुखणं

डॅनियल जे. बर्नस्टाईन हे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले गणिती. त्या काळात इंटरनेटवरच्या मेलचा मुख्य गाडा एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलवर चालायचा. सेंडमेलमध्ये सुरक्षेची भोकं वारंवार सापडत आणि बर्नस्टाईन त्याला विटले होते. १९९५च्या अखेरीस त्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर लिहायला घेतला. जानेवारी १९९६मध्ये चाचणी आवृत्ती आली, फेब्रुवारी १९९७मध्ये १.०. नाव क्यूमेल. भोक दाखवणाऱ्याला ५०० डॉलर देऊ, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

सुरक्षेची कथा बरेच जण सांगतात. ढिगाने पाठवण्याची कथा तितकी सांगितली जात नाही. सेंडमेलची रीत अशी, की एका पत्राला हजार घेणारे असले तर एक प्रक्रिया ती यादी हातात घेऊन एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जायची. मधे एखादा सर्व्हर आजारी असला की ती त्याच्या दारात बसून राहायची. किती वेळ? नुसतं ‘२२०’ ऐकण्यासाठी पाच मिनिटं आणि शेवटच्या टिंबानंतरच्या उत्तरासाठी दहा मिनिटं थांबावं, असं नियमच सांगतात. यादीत अशी पाच-सहा मढी निघाली की मागच्या नऊशे लोकांचं पत्र लटकलं.

क्यूमेलने हा प्रश्न अगदी साध्या मार्गाने सोडवला. प्रत्येक घेणाऱ्याला स्वतंत्र जोडणी, आणि अशा अनेक जोडण्या एकाच वेळी. मूळ मांडणीत वीस. एक दार बंद असलं तरी उरलेले एकोणीस जण आपापल्या वाटेने चालू. लागलं नाही तर पुन्हा प्रयत्न कधी करायचा, याचंही गणित वर्गाच्या चढाने: पहिल्या फसलेल्या प्रयत्नापासून ४०० सेकंदांनी, मग १६००, मग ३६००, असं आठवडाभर. तरुण पत्राला वारंवार संधी, म्हाताऱ्याला अधूनमधून. गणिती माणसाचा हात दिसतो तो असा.

याच जोडीला त्यांनी परतपत्त्याची एक युक्ती आणली, तिला व्हर्प म्हणतात. यादीवरचं पत्र कुणापर्यंत पोचलं नाही की ‘पोचलं नाही’ असं एक पत्र परत येतं. पण त्यात नेमका कोणाचा पत्ता मेला हे कळेलच असं नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्या भाषेत रडायचा. शिवाय सभासदाने मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवलेली असली तर रडणारा पत्ता यादीत सापडतच नसे. बर्नस्टाईन यांनी पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच सभासदाचा पत्ता गुंफला. परत आलेल्या पाकिटावर कुणाचं नाव हे मग पाकिटावरूनच कळतं, आतलं रडगाणं वाचायची गरज नाही. आज मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणारी बहुतेक प्रत्येक यंत्रणा या ना त्या रूपात हेच करते.

याची किंमतही होती. एकाच सर्व्हरवर पन्नास सभासद असतील तर एसएमटीपीमध्ये मजकूर एकदा देऊन पन्नास पत्ते सांगता येतात. किमान शंभर पत्ते घेतलेच पाहिजेत असं नियम म्हणतो. व्हर्पमध्ये प्रत्येकाचा परतपत्ता वेगळा, म्हणजे मजकूर पन्नास वेळा. यावरून त्या काळी कडाक्याची भांडणं झाली. बर्नस्टाईन यांचं म्हणणं होतं की सभासद शेकडो सर्व्हरांवर विखुरलेले असतात, पत्ते एकत्र करून फार काही वाचत नाही. तेव्हा ते बरोबर होतं. आज निम्मी-अधिक यादी दोन-चार मोठ्या मेलघरांत राहते आणि एकत्र पाठवण्याने खरोखर खूप वाचलं असतं. पण आता प्रत्येक पत्रात सभासदत्व सोडायचा दुवा वेगळा, नाव वेगळं, त्यावरची डीकेआयएम सही (पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे दाखवणारी) वेगळी. एकत्र पाठवण्यासारखं काही उरलेलंच नाही. ते भांडण दोन्ही बाजूंच्या हातून निसटून गेलं.

सगळे कागद एकाच फाइलीत

क्यूएमटीपीचा मसुदा १ फेब्रुवारी १९९७चा आहे. पोर्ट २०९. कल्पना इतकी आटोपशीर की एका पानात मावते. सगळा आधार नेटस्ट्रिंगवर, आणि नेटस्ट्रिंग म्हणजे आधी लांबी, मग विसर्गासारखं चिन्ह, मग मजकूर, शेवटी स्वल्पविराम. आपल्या शब्दात दाखवायचं तर:

२१:नमस्कार,

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘नमस्कार’मध्ये पाय मोडल्याची खूण आणि काना धरून सात चिन्हं, म्हणून एकवीस. घेणारा आधी आकडा वाचतो, तितके बाइट उचलतो, स्वल्पविराम जागेवर आहे का पाहतो. आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

क्यूएमटीपीमध्ये पाठवणारा तीन गोष्टी एकापाठोपाठ देतो: मजकूर, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्यांची यादी. नमस्कार-चमत्कार नाहीत, मधे थांबणं नाही. पलीकडून प्रत्येक घेणाऱ्यासाठी एक उत्तर येतं आणि त्याचं पहिलं अक्षर सगळं सांगतं: ‘के’ म्हणजे घेतलं, ‘झेड’ म्हणजे नंतर या, ‘डी’ म्हणजे होणार नाही. दहा पत्रं असतील तर पहिल्याच्या उत्तराची वाट न पाहता दहाही ढकलून द्यायची.

हेलपाटे मोजा. जोडणीचा एक, पत्राचा एक. आठाचे दोन झाले. आपली दहा हजारांची यादी एकामागून एक पाठवली तरी पाच हजार सेकंद, म्हणजे साधारण एक तास तेवीस मिनिटं.

आता समोरच्या सर्व्हरला ही भाषा येते हे ओळखायचं कसं? इथली युक्ती मला आजही आवडते. प्रत्येक डोमेनच्या नोंदीत मेल कुठे द्यायचं ते लिहिलेलं असतं आणि त्याला एक पसंतीक्रमांक असतो. बर्नस्टाईन यांनी सुचवलं की हा क्रमांक १२८०१ ठेवा, किंवा पुढे सोळा-सोळाच्या अंतराने १३०४१पर्यंत कुठलाही. ज्याला खूण माहीत आहे तो २०९ नंबरचं दार वाजवेल. ज्याला नाही त्याच्या लेखी तो नुसता एक मोठा आकडा. तो नेहमीप्रमाणे पंचवीसला जाईल. जुनं काहीच मोडत नाही. नव्या प्रोटोकॉलला याहून सोपी वाट कुणी करून देणार नाही.

तरी त्या वाटेने जवळजवळ कुणी गेलं नाही.

का चाललं नाही

पहिलं कारण बर्नस्टाईन यांनी स्वतःच निर्माण केलं. पुन्हा आकडे घेऊ. साधा एसएमटीपी, पत्राला दोन सेकंद, पण एका वेळी वीस जोडण्या: दहा हजारांची यादी हजार सेकंदांत संपते. पावणेसतरा मिनिटांच्या आत. एकामागून एक चालणाऱ्या क्यूएमटीपीला मघाशी लागला होता एक तास तेवीस मिनिटं. प्रोटोकॉल चौपट हलका करूनही, अवजड प्रोटोकॉलच्या वीस गाड्या सोडणारा पुढे निघून जातो. जोडण्या शंभर केल्या की दोनशे सेकंद. थांबणं फुकट असतं, त्यात प्रोसेसर लागत नाही, तार लागत नाही. मग वीस जण एकदम थांबले तर बिघडलं कुठे? क्यूमेलने ढिगाने पाठवण्याचं दुखणं इतकं कमी केलं की क्यूएमटीपीसाठी वेदनाच उरली नाही. एका हाताने केलेलं काम दुसऱ्या हाताला नडलं.

दुसरं, एसएमटीपीही नुसता बसून नव्हता. १९९५च्या ऑक्टोबरातच आरएफसी १८५४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित पत्रकं) आला होता: समोरच्याने परवानगी दिली तर मधल्या आज्ञा न थांबता एकत्र पाठवा. याला पाइपलायनिंग म्हणतात. २०००च्या आरएफसी २९२०मध्ये याचं उदाहरण दिलंय: तीन घेणाऱ्यांचं एक पत्र, जुन्या पद्धतीने नऊ वेळा थांबावं लागतं, नव्या पद्धतीने चार वेळा. आपल्या एकट्या पत्राच्या हिशोबात आठाचे पाच. वर एकदा उघडलेली जोडणी लगेच न मिटता पुढचं पत्र तिच्यातूनच दिलं, तर त्या पत्राला उरतात दोन: पत्त्यांचा एक, मजकुराचा एक. क्यूएमटीपीच्या नव्या जोडणीएवढेच. ठिगळं लावलेली गोधडी, पण ऊब तितकीच.

तिसरं कारण घरचंच. गंमत म्हणजे क्यूमेलचा घेणारा भाग पाइपलायनिंग येतं असं जगाला सांगायचा, पण पाठवणारा भाग स्वतः १९८२च्या थाटात ‘हेलो’ म्हणून एकेक आज्ञा देत बसायचा. आणि क्यूएमटीपी? क्यूमेलसोबत ते घेणारा कार्यक्रम यायचा. पाठवणाऱ्या नेहमीच्या भागात ते नव्हतं. ते हवं तर बाहेरून दुरुस्ती चिकटवा. त्यात परवाना असा की बदललेला क्यूमेल इतरांना वाटायचा नाही; बदल वेगळे द्या, घेणाऱ्याने घरी जोडावेत. २००७मध्ये बर्नस्टाईन यांनी क्यूमेल सगळ्यांसाठी मोकळा केला तोवर दहा वर्षं उलटून गेली होती. घ्यायला दार उघडं आणि पाठवायला पाय नाहीत, अशा प्रोटोकॉलचा प्रसार कसा व्हावा!

ही तीन कारणं पुरेशी आहेत आणि बहुतेक जण इथेच थांबतात. माझ्या मते खरं कारण चौथं आहे, आणि ते १९९७ साली कुणालाच, बर्नस्टाईन यांनाही, नीट दिसत नव्हतं.

देवडीवरची विचारपूस

ते आठ हेलपाटे कोणाचे होते? पाठवणाऱ्याच्या बाजूने ते वाया गेलेला वेळ. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती वाड्याची देवडी आहे. कोण, कुठून आलात, कोणाकडे जायचंय, आत काय नेताय. प्रत्येक प्रश्नाला थांबवून उत्तर घ्यायचं आणि पटलं नाही तर तिथूनच परत पाठवायचं. १९८२ साली ही विचारपूस निव्वळ सभ्यता होती, कारण वाड्यात येणारे सगळे ओळखीचे. टपालचोर, म्हणजे स्पॅम पाठवणारे, आले आणि देवडीला अर्थ आला.

क्यूएमटीपी ज्या वर्षी आलं त्याच १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी बदनाम आयपी पत्त्यांची यादी चालवायला घेतली. जोडणी आल्याबरोबर यादीत पाहायचं, नाव असलं तर दार लावायचं. मग घेणाऱ्यांनी प्रत्येक टप्प्यावर पहारा बसवला. ‘हेलो’मधलं नाव खोटं वाटतंय? परत. घेणारा इथे राहतच नाही? ‘५५०’, परत. इथे महत्त्वाचं हे, की मजकुराचा एक बाइटही उतरवून घ्यायच्या आधी हे सगळं होतं. स्पॅमच्या काळात घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

क्यूएमटीपीमध्ये हे जमत नाही. तिथे आधी मजकूर, मग पत्ते. फाइल पूर्ण आत घ्या, मग ठरवा ठेवायची की नाही. जगातला बहुतांश मेल प्रामाणिक असेल तर ही कमालीची सोय. कचरा असेल तर देवडीच पाडून टाकल्यासारखं. क्यूमेलची वृत्तीही तीच होती. आपल्या डोमेनचा पत्ता असला की तो माणूस खरंच आहे का हे न पाहता पत्र घ्यायचं, मग आत शोधायचं, नसला तर ‘सापडला नाही’ असं पत्र पाठवणाऱ्याला लिहायचं. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता चोरलेला असतो. त्यामुळे ज्याने काहीच पाठवलं नव्हतं अशा तिऱ्हाइताच्या पेटीत ही ‘सापडला नाही’ पत्रं येऊन पडायची. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यापायी बऱ्याच क्यूमेल सर्व्हरांची नावं काळ्या यादीत गेली.

पुढे तर थांबवणं हेच हत्यार झालं. २००३मध्ये इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग मांडलं: अनोळखी माणूस आला की त्याला ‘४५१, थोड्या वेळाने या’ म्हणायचं. खरा सर्व्हर रांगेत ठेवून परत येतो, स्पॅम उडवणारा कार्यक्रम पुढच्या पत्त्याकडे पळतो. २०११मध्ये पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या २.८ आवृत्तीत पोस्टस्क्रीन नावाचा पहारेकरी आला. तो ‘२२०’ची अर्धी ओळ टाकून मूळ मांडणीत सहा सेकंद गप्प राहतो. पूर्ण स्वागत व्हायच्या आत जो बोलायला लागला, तो घाईत आहे. ज्याला घाई आहे तो बहुधा चोर. आता ज्या प्रोटोकॉलमध्ये पाहुण्याने आल्या आल्या सगळं बोलून टाकायचं, हाच नियम आहे, तिथे ही परीक्षा घ्यायची कशी?

पाव सेकंद वाचवायला निघालेल्या माणसाचा प्रोटोकॉल अशा जगात येऊन पडला, जिथे यजमान मुद्दाम सहा सेकंद थांबवतो.

बरोबर निघालेला अर्धा भाग

बर्नस्टाईन सगळंच चुकले असं म्हणणं मात्र अन्याय होईल. लांबी आधी सांगा, हा त्यांचा आग्रह काळाने खरा ठरवला, तोही फार उशिरा आणि फार वाईट रीतीने.

एसएमटीपीत मजकूर कुठे संपतो? एकट्या ओळीवर टिंब आलं की. ओळ म्हणजे काय, तर शेवटी दोन बाइटांची ठरलेली खूण. पण काही सर्व्हर त्यातल्या एकाच बाइटलाही ओळ मानत. क्यूमेलने पहिल्यापासून असली अर्धवट ओळ आली की पत्र नाकारलं. लोकांनी तक्रारी केल्या, दुरुस्त्या चिकटवून तो कडकपणा काढून टाकला. मग १८ डिसेंबर २०२३ला एसईसी कन्सल्ट या कंपनीतले टिमो लाँगिन यांनी एसएमटीपी स्मगलिंग जाहीर केलं. पाठवणारा सर्व्हर ज्या अर्धवट टिंबाला मजकूर समजतो त्याला घेणारा सर्व्हर शेवट समजतो. मग त्या टिंबामागे मजकुरातच लपवलेल्या ‘मेल फ्रॉम’, ‘आरसीपीटी टू’ या आज्ञा खऱ्या होऊन चालू लागतात. एका पत्राच्या पोटातून दुसरं पत्र, कुणाच्याही नावाने, आणि आलेलं विश्वासू सर्व्हरवरून. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल, सगळ्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. पोस्टफिक्सने सुचवलेल्या तात्पुरत्या उपायांत परवानगीवाचून आज्ञा एकत्र ढकलणाऱ्याला हाकलण्याचा नियम होता. म्हणजे हेलपाटे वाचवण्याच्या सवयीवरच पुन्हा संशय.

आधी लांबी सांगितली असती तर हा घोळ संभवलाच नसता. एसएमटीपीलाही ते सुचलं होतं. १९९५मध्ये प्रयोग म्हणून आणि २०००च्या आरएफसी ३०३०मध्ये रीतसर, बीडॅट नावाने. पण एक्झिमने ते २०१६मध्ये घेतलं, पोस्टफिक्सने २०१९मध्ये.

मराठीत मेल पाठवणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागू आहे. एसएमटीपी जन्माने सात बिटांचा, म्हणजे साध्या रोमन अक्षरांचा. ‘क’ यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचा. पण कोटेड-प्रिंटेबल पद्धतीने गुंडाळला की प्रत्येक बाइटचे तीन होऊन नऊ बाइटांचा होतो. बेस६४ पद्धतीने चार. दहा हजार चिन्हांचं मराठी वार्तापत्र मुळात साधारण ३० केबी, बेस६४मध्ये ४०, कोटेड-प्रिंटेबलमध्ये ९०. मेल पाठवणाऱ्या कार्यक्रमाची मांडणी इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असेल तर ती नव्वदवालीच निघते, एकदा तपासा. क्यूएमटीपीत आठही बिट जसेच्या तसे जातात. एसएमटीपीतही तशी सोय १९९३पासून आहे. तरी आपण गुंडाळतोच, कारण वाटेत कुणी रूपांतर केलं तर डीकेआयएमची सही मोडते, म्हणून सही करण्याआधी सात बिटांत आणा असं त्या नियमातच सांगितलंय.

मग आज वेग कशाने मिळतो

आज एक नवी जोडणी मोजून पाहा. टीसीपीचा एक, ‘२२०’चा एक, ‘एहलो’चा (‘हेलो’चा नवा अवतार) एक, कूटबद्धता सुरू करायची आज्ञा एक, त्या कूटबद्धतेची, म्हणजे टीएलएस १.३ची, हातमिळवणी एक, पुन्हा ‘एहलो’ एक, पत्ते एक, मजकूर एक. पत्र ‘घेतलं’ म्हणेपर्यंत आठ. १९८२च्या साध्या रीतीत तिथवर सात लागायचे. इतकी वर्षं काटकसर करून आपण पहिल्यापेक्षा एकाने पुढे, आणि कुणाची तक्रार नाही. त्या टीएलएसच्या हातमिळवणीत बहुधा वापरलं जाणारं वक्र-गणित, कर्व्ह२५५१९, हेही बर्नस्टाईन यांचंच. हेलपाटे कमी करायला निघालेल्या माणसाचं सगळ्यात जास्त चाललेलं काम एका हेलपाट्याच्या आत बसलंय.

तक्रार नाही, कारण अडतं ते दुसरीकडे. पोस्टफिक्स नव्या ठिकाणी पाच जोडण्यांनी सुरुवात करतो आणि सगळं सुरळीत चाललं तर वीसपर्यंत चढतो. हे चढणं समोरच्याच्या कलाने असतं. ढिगाने पाठवणारी माणसं रांग तुंबली की हा आकडा वाढवतात, आणि मग मोठ्या मेलघराकडून ‘४२१’ येऊ लागतात: हळू या. त्यावर आणखी जोडण्या उघडणं म्हणजे देवडीवर वीस जणांनी एकदम धक्काबुक्की करणं. रांग आणखी लांबते, पत्ता संशयात जातो. मी हे केलंय, एका संस्थेचं वार्षिक सभेचं पत्र पाठवताना. साठ जोडण्यांनी जे पहाटेपर्यंत संपलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी आठ जोडण्यांनी, प्रत्येक जोडणीतून अनेक पत्रं देत, दुपारच्या जेवणाआधी गेलं. याखेरीज मधे बदललं होतं ते एवढंच, की यादीतले मेलेले पत्ते काढून टाकले आणि त्या आयपी पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी, डोमेनशी जुळवली.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने हे लिहूनच दिलं. जीमेलवर दिवसाला ५००० किंवा जास्त पत्रं पाठवत असाल तर एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) हवं, डीकेआयएम हवं, डीमार्क (या तपासण्यांत न बसलेल्या पत्राचं काय करावं याची सूचना) हवं, जाहिरातवजा पत्रात एका टिचकीत सभासदत्व सोडायची सोय हवी, आणि ‘हा स्पॅम आहे’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली. जीमेलच्या यादीत टीएलएसही आहे, म्हणजे तेवढे हेलपाटे आता सक्तीचे. या यादीत प्रोटोकॉलच्या वेगाबद्दल एक अक्षर नाही. सगळे प्रश्न एकाच जातीचे: तुम्ही कोण, आणि तुमचं पत्र कुणाला हवंय का.

टेलनेटवर बसवलेली मुलं पहिल्यांदा नेहमी तीच चूक करतात. बाहेरच्या मशीनवरून आमच्या सर्व्हरला जोडतात, ‘२२०’ची अर्धी ओळ दिसते, आणि पुढचं काही यायच्या आत ‘हेलो’ टाइप करून एंटर मारतात. मग पुढे सरकेना म्हणून माझ्याकडे येतात. मी लॉग उघडून ओळ दाखवतो: प्रीग्रीट, आणि त्यापुढे सेकंदांचा आकडा. परवाच्या मुलीचा तीन पूर्णांक काहीतरी होता. तिने विचारलं, “सर, पण एवढा वेळ तो करत काय असतो?” मी म्हटलं, काहीच नाही.